चीन आपल्याला कोणी दाखवला?

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर 'चीन' एवढा एकच शब्द लिहिला आणि मुलांना म्हटले, मनात येईल ते सांगा. हात भराभर वर झाले. चायनीज भेळ. स्वस्त मोबाइल. कोरोना. गलवान. बंद झालेले टिकटॉक. वटवाघूळ खाणारी माणसे. कुंग फू पांडा. 'चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक' हे तर तीन-चार जण एका सुरात म्हणाले. फळा भरला, पण त्यावर एकाही चिनी माणसाचे नाव नव्हते. पुण्याहून गाडीने चार-साडेचार तासांवर असलेल्या सोलापूरच्या ज्या माणसाची चीनमध्ये आजही आठवण काढतात, त्याचेही नाव कोणी घेतले नाही.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ती यादी त्यांनी घरातून, गल्लीतून आणि मोबाइलवरून आणली होती. आम्हाला तिच्यात वेगळीच गोष्ट दिसली. यादीतले बरेचसे चीनहून आलेलेच नाही. चायनीज भेळ आपल्याच गाडीवर जन्मली. मंचूरियनचे श्रेय सहसा कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांना देतात. १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र आणून त्यांनी तो पहिल्यांदा केला म्हणे. कुंग फू पांडा २००८ साली हॉलिवूडने काढला. कोरोनाच्या आणि गलवानच्या बातम्या आपण ज्या वाहिन्यांवर पाहिल्या, त्यांच्यापैकी फार थोड्यांचा माणूस चीनमध्ये होता. ज्या देशाशी आपली जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटरची सीमा आहे, त्याचे चित्र आपण दुसऱ्याने काढलेलेच पाहत आलो आहोत. चिनी माणूस आपल्याकडे पाहतो तेव्हा त्याच्याही हातात बहुधा तिसऱ्यानेच काढलेले चित्र असते. हा प्रश्न परराष्ट्र खात्याचा आहे असे वाटेल. आम्हाला तो मराठी मुसलमानांच्या घरातलाही वाटतो. तो कसा, ते पुढे येईलच.

ही गत एकट्या आपली नाही. अमेरिका आणि चीन यांचा व्यापार प्रचंड, येणे-जाणे मोठे, लाखो चिनी मुले अमेरिकेत शिकतात. चिनी भाषेत अमेरिकेचे नावच मुळी 'मेई-ग्वो', अक्षरांचा अर्थ लावला तर 'सुंदर देश'. तरीही प्यू या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत १०० पैकी ८३ अमेरिकनांनी चीनबद्दल वाईट मत सांगितले. आणि चीनमध्ये जाऊन शिकणारी अमेरिकन मुले? कोरोनाच्या आधी ती वर्षाला अकरा हजारांच्या घरात होती. नंतर ती काही शेकड्यांवर आली. २०२० मध्ये अमेरिकेने चीनसाठीची फुलब्राइट शिष्यवृत्तीही बंद केली. मत पक्के होत गेले आणि जाऊन पाहणारे कमी होत गेले, दोन्ही एकाच वेळी. पण ते दोन बलाढ्य देश आहेत, त्यांचे ते पाहून घेतील. आपण आपल्या अंगणात येऊ.

आपल्या अंगणात पहिला चिनी पाहुणा फार जुना आहे. युआन श्वांग हा बौद्ध भिक्खू इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. चालुक्य राजा पुलकेशी दुसरा तेव्हा गादीवर होता. या प्रदेशाला युआन श्वांगने आपल्या लिपीत 'मो-हो-ला-चा' असे लिहिले आणि इथल्या माणसांचा स्वभावही नोंदवला. उंच, साधी, मानी. उपकार करणाऱ्याचे ऋण न विसरणारी, पण अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेणारी. सूड घेण्याआधी शत्रूला तसे कळवणारी. आणि कोणी मदत मागितली तर स्वतःचे भान विसरून धावणारी. हे वर्णन आपल्या पाठ्यपुस्तकांना आणि व्याख्यात्यांना फार प्रिय आहे. का असू नये? पण त्याच उताऱ्यात पुढे असेही आहे, की लढाईला निघण्यापूर्वी हे योद्धे दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात, आणि हरून आलेल्या सेनापतीला बायकांचे कपडे देतात. हा भाग व्याख्यानात सहसा येत नाही. परक्याने आपले चित्र काढले, की आपण त्यातला आवडता तुकडा कापून भिंतीला लावतो.

दुसरी गंमत अशी, की युआन श्वांगला आपण चिनी भाषेतून ओळखले नाही. त्याचा ग्रंथ १८५७-५८ मध्ये फ्रेंचमध्ये आला, १८८४ मध्ये सॅम्युएल बील यांनी तो इंग्रजीत आणला आणि तिथून तो आपल्याकडे उतरला. आपल्याच गावाबद्दल पाहुणा काय म्हणाला, ते आपण पॅरिस आणि लंडनमार्गे ऐकले. हिंदुस्थानासाठी चिनी भाषेत आज जो 'यिन्दू' शब्द चालतो, तोही युआन श्वांगनेच आधीची नावे तपासून पक्का केला. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे एका बाळाच्या नावात तो भेटणार आहे.

आमच्या वाचकांना युआन श्वांगपेक्षा मा हुआन जवळचा वाटेल, पण त्याचे नाव फारसे कोणाला माहीत नसते. चीनचा प्रसिद्ध नौदलप्रमुख झेंग ह युन्नान प्रांतातल्या मुसलमान घराण्यातला. १४०५ ते १४३३ या काळात त्याच्या जहाजांनी सात मोठ्या सफरी केल्या. मा हुआन त्याच्या काही सफरींत दुभाषा म्हणून होता आणि तोही मुसलमान. कालिकत बंदरात त्याने काय पाहिले? तिथे वीस-तीस मशिदी आहेत आणि दर सातव्या दिवशी लोक नमाजाला जमतात. व्यापारी हिशेबाची चौकट न वापरता हातापायांच्या बोटांवर हिशेब करतात आणि चुकत नाहीत. सौद्यात हातावर हात पडला की मग भाव चढो वा उतरो, कोणी शब्द फिरवत नाही. आम्हाला हे वाचताना मोठी मौज वाटली. कारण मा हुआनने केरळच्या किनाऱ्यावर जे टिपले, ते त्याने उतरून, बाजारात उभे राहून, दोन्हींकडच्या बोली कानांवर घेऊन टिपले. त्यात कौतुक आहे, काही ठिकाणी ऐकीव गोष्टीही आहेत, पण भीती नाही.

भीती आणि तिरस्कार आले ते इंग्रजांच्या काळात. मुंबईच्या बंदरातून माळव्याची अफू चीनला गेली आणि तिच्यावर मुंबईतल्या कित्येक मोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. १९०० साली चीनमधला बॉक्सर उठाव मोडायला जे परदेशी सैन्य पेकिंगमध्ये घुसले, त्यात हिंदी पलटणी होत्या. शांघायच्या इंग्रज वसाहतीत रस्त्यावर काठी घेऊन उभा असलेला शिपाई बहुधा शीख असे. शांघायच्या लोकांनी त्याला 'लाल पगडीचा अ-सान' असे हिणवणारे नाव पाडले. सामान्य चिनी माणसाला हिंदी माणूस दिसला तो असा, साहेबाच्या हुकमाने काठी मारणारा. साहेब गेला, शिपाई गेला, पण 'अ-सान' हा शब्द आजही चिनी समाजमाध्यमांवर भारतीयांची टर उडवायला वापरतात. शंभर वर्षांपूर्वीची चीड नातवंडांच्या तोंडी टिकून राहिली आहे आणि ती कशामुळे होती, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकही नसेल. आपल्याकडे 'चिंकी' हा शब्द ईशान्येकडच्या मुलांसाठी वापरणाऱ्यांना तरी तो कुठून आला हे कुठे ठाऊक असते?

त्याच काळात आपल्या वाचनालयांत चीन आला तो अमेरिकनांच्या हातून. पर्ल बक यांची 'द गुड अर्थ' ही १९३१ ची कादंबरी आणि एडगर स्नो यांचे १९३७ चे 'रेड स्टार ओव्हर चायना', या दोन पुस्तकांनी शिकल्यासवरल्या हिंदी माणसाला चिनी शेतकरी आणि चिनी क्रांतिकारक दाखवला. पुस्तके चांगलीच होती. पण पुन्हा तेच. शेजाऱ्याच्या घरची हकीकत सातासमुद्रापलीकडचा माणूस सांगत होता.

आता सोलापूर. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. डॉक्टरी त्यांनी मुंबईत केली. जपानने चीनवर हल्ला केला होता, तिकडे जखमींना डॉक्टर मिळत नव्हते. चिनी सेनापती झू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले. डॉ. अटल प्रमुख, त्यांच्यासोबत नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. चिनी लोकांनी पाचही जणांच्या नावांना शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन, हे अक्षर जोडले. कोटणीस झाले 'क दी-ह्वा'.

आम्हाला कोटणिसांच्या चरित्रात शौर्यापेक्षा एक दुसरीच गोष्ट मोठी वाटते. ते चिनी शिकले. नुसती कामापुरती नव्हे; बोलायला, वाचायला आणि वर्गात शिकवायला यावी इतकी. बाकीचे साथीदार एकेक करून परतले, सोलापुरात वडील वारल्याची बातमीही त्यांना तिकडेच कळली, पण ते राहिले. १९४० च्या मोठ्या लढाईत एकदा सलग ७२ तास त्यांनी शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात. १९४१ मध्ये कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिन-ह्वा. 'यिन' यिन्दूमधला, 'ह्वा' चीनचा. ९ डिसेंबर १९४२ रोजी मिरगीच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस. चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहायला घेतले होते, ते अर्धेच राहिले.

आता ही गोष्ट आपल्यापर्यंत कशी पोहोचली ते पाहा. 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये लिहिणारे पानिपतचे ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये कोटणिसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यावरून अब्बास आणि वसंत साठे यांनी पटकथा केली आणि १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. एक उर्दूचा लेखक, एक मराठी लेखक, एक कोल्हापूरचा दिग्दर्शक. परळच्या राजकमल स्टुडिओत चीन उभा राहिला. शांताराम स्वतः कोटणीस झाले, जयश्री छिंगलान झाल्या, बाबूराव पेंढारकर चिनी जनरल झाले. चित्रपट मनापासून केलेला आहे, हेतू शंभर टक्के मैत्रीचा आहे. तरीही त्यात कोटणीस प्लेगवर औषध शोधताना स्वतःच प्लेगला बळी पडतात. खरा कोटणीस मिरगीने गेला, आजारी असूनही काम करत गेला. पण पडद्याला मिरगी चालत नाही, तिथे बलिदान दिसावे लागते. प्रेमाने काढलेल्या चित्रातही माणूस असा थोडा बदलतो.

प्रेम नसेल तर काय होते, ते याच चित्रपटाच्या नशिबी आले. त्याची इंग्रजी आवृत्तीही शांतारामांनी केली होती, 'द जर्नी ऑफ डॉ. कोटणीस'. ती अमेरिकेत गेली. पुढे चीनमध्ये कम्युनिस्टांचे राज्य आले, अमेरिकेत लाल रंगाची दहशत पसरली आणि १९५० च्या दशकात तिथल्या कोणा धंदेवाल्याने हाच चित्रपट कापून-जोडून 'नाइटमेअर इन रेड चायना', म्हणजे लाल चीनमधले दुःस्वप्न, या नावाने दाखवला. परळमध्ये मराठी माणसांनी चिनी लोकांच्या दोस्तीसाठी उभा केलेला चीन अमेरिकन प्रेक्षकाला घाबरवण्यासाठी वापरला गेला. नीपा मजुमदार या अभ्यासक बाईंनी २००८ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला, म्हणून ते निदान नोंदले तरी गेले. दृश्ये तीच, नटही तेच. कात्री कोणाच्या हातात आहे, एवढाच फरक. आजच्या व्हिडिओंच्या जमान्यात हे उदाहरण आम्ही मुलांना नेहमी सांगतो, कारण ते कोणत्याही पक्षाचे नाही आणि कोणाला झोंबत नाही.

चीनने कोटणिसांना जपले. शिचियाच्वांग शहरात त्यांची समाधी आहे. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याचा रिवाज कितीतरी वर्षे चालला. ग्वो छिंगलान २०१२ मध्ये वारल्या, तोवर त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या होत्या. सोलापुरातही त्यांच्या घरी महापालिकेने स्मारक केले आहे. चीनच्या सरकारी स्मरणात राजकारण नाही असे कोणी म्हणणार नाही. मैत्री दाखवायची असेल तेव्हा कोटणीस बाहेर काढले जातात. पण तिथल्या म्हाताऱ्या माणसांना ते माहीत आहेत, आणि आपल्या आठवीच्या वर्गाला नाहीत, हेही खरेच आहे.

पुण्यातही एक दार उघडले होते. फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणारे प्रा. पु. वि. बापट चिनी शिकले. 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाचे मूळ पाली हरवले होते, तो चिनी भाषांतरात वाचला होता. बापटांनी तो 'विसुद्धिमग्गा'शी ताडून पाहिला आणि १९३७ मध्ये पुण्यात ग्रंथ छापला. पुढे १९७० मध्ये अकिरा हिराकावा या जपानी विद्वानाबरोबर त्यांनी विनयाची एक चिनी टीका इंग्रजीत आणली, ती भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केली. त्याच कॉलेजचे प्रा. वा. वि. गोखले जर्मनीत चिनी आणि तिबेटी शिकून आले होते. विचार करा, चिनी वाचायला शिकावे म्हणून गोखल्यांना जर्मनी गाठावी लागली. या दोघांच्या विद्वत्तेपुढे आम्ही वाकतो. मात्र त्यांचा चीन दीड हजार वर्षांपूर्वीच्या पोथ्यांतला होता. जिवंत चिनी माणूस त्या पोथ्यांतून बाहेर येऊन लक्ष्मी रोडवर कधी फिरला नाही.

मग १९६२ आले. युद्ध एक महिना चालले, पण आपल्या मनातला चीन तिथेच थिजला. भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, म्हातारे आणि लहान मुले धरून, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले. त्यांतल्या काहींनी तिथे चार-पाच वर्षे काढली. गुन्हा एवढाच, की चेहरा शत्रूसारखा. मुंबईत माझगावला चिनी लोकांचे जुने मंदिर आजही आहे, त्याच्याभोवतीची वस्ती मात्र विरळ झाली. ज्यांच्याकडून आपल्याला चीन कळू शकला असता, ती शेजारची माणसेच आपण घालवून दिली.

इथे आम्हाला आमच्या वाचकांशी थोडे मोकळेपणाने बोलायचे आहे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वाहिन्यांवर 'चिनी विषाणू' होता. ईशान्येकडच्या मुलामुलींना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या जात होत्या. आपल्यातल्याही कितीतरी मोबाइलांवर तेव्हा वटवाघळांचे व्हिडिओ फिरले, आणि 'बघा, काय काय खातात' असे म्हणत आपणही ते पुढे पाठवले. मार्च संपता संपता निजामुद्दीनचे प्रकरण झाले आणि एका रात्रीत त्याच वाहिन्यांनी, त्याच पार्श्वसंगीतावर, चिनी माणसाच्या जागी दाढी-टोपी आणून ठेवली. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगायला नको. भाजीवाल्याचे नाव विचारले गेले. पुण्यात आपले तरुण सर्व धर्मांच्या मृतांना अखेरचा निरोप देत होते, तिकडे कॅमेरे उशिराच वळले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार केला, असे निकालात स्पष्ट म्हटले. निकाल आला त्या दिवशी वाहिन्यांवर त्याची किती चर्चा झाली?

ज्याला पडद्यावर चुकीचे रंगवले जाते, त्याला त्या रंगाचा वास लवकर यायला हवा. आपल्याला तो स्वतःच्या बाबतीत येतो, दुसऱ्याच्या बाबतीत येत नाही. ही बदगुमानी आपल्या घरातही आहे.

आता कोणी विचारील, उइगुर मुसलमानांचे काय? विचारलेच पाहिजे. चीनमध्ये मुसलमान एकाच प्रकारचे नाहीत. हुई आणि उइगुर या दोनच समाजांची संख्या प्रत्येकी एक कोटीहून अधिक आहे आणि दोघांचा इतिहास, भाषा, नशीब वेगळे आहे. शिनजियांगबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी अहवाल दिला. तिथे गंभीर अत्याचार झाले आणि ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असे त्यात म्हटले आहे. चीनने तो फेटाळला. पुढच्या ऑक्टोबरात या अहवालावर नुसती चर्चा करावी का, यावर मानवी हक्क परिषदेत मतदान झाले. प्रस्ताव १९ विरुद्ध १७ मतांनी पडला. विरोधात मत देणाऱ्यांत पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार आणि संयुक्त अरब अमिराती होते. भारत तटस्थ राहिला. आपल्या मोबाइलवर मात्र या विषयावर दोनच प्रकारचे संदेश येतात, एक सगळा चीन मुसलमानांचा वैरी म्हणणारा आणि दुसरा हे सारे अमेरिकेचे कारस्थान म्हणणारा. आमचे मत विचाराल तर अहवालातले आरोप जड आहेत आणि ते झटकून टाकता येणार नाहीत. पण त्यावरून गल्लीतल्या किंवा कॉलेजातल्या चिनी माणसाचा हिशेब मांडणे म्हणजे आपल्याला देशोदेशीच्या बॉम्बस्फोटांचा जाब विचारण्यासारखे आहे.

चिनी माणसाला आज आपण कसे दिसतो? बराचसा आमिर खानमधून. १९५० च्या दशकात राज कपूरचा 'आवारा' तिथे गाजला, आणि त्याची कथाही अब्बास-साठे जोडीचीच होती, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. २०१७ मध्ये 'दंगल'ने चीनमध्ये बाराशे कोटींहून अधिक रुपये मिळवले. पुढच्या वर्षी 'सीक्रेट सुपरस्टार' लागला. बडोद्याच्या एका मुसलमान घरातली मुलगी, तिची सोसणारी अम्मी, मारणारा बाप. कोट्यवधी चिनी प्रेक्षकांनी भारतीय मुसलमानांचे घर आतून पाहिले असेल, तर ते बहुधा हेच. चित्रपट चांगला आहे, डोळे ओले होतात. पण एवढे एकच घर पाहून आपला सारा मोहल्ला तोलला तर आपल्याला चालेल का?

बातमीदारांचा रस्ता तर जवळजवळ बंदच झाला. २०२३ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या पत्रकारांचे व्हिसा रोखले आणि २८० कोटी माणसांच्या या दोन देशांत परस्परांचे बातमीदार जवळजवळ उरले नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात शाळेत शिकवता येण्याजोग्या परदेशी भाषांत चिनीचे नाव होते, अंतिम धोरणातून ते गळले. जपानी, कोरियन, थाई राहिल्या. पुण्यात जपानी शिकणारी मुले गल्लोगल्ली सापडतात. चाकणला सॅनी आणि रांजणगावला हायर या चिनी कंपन्यांच्या कारखान्यांत आपली मुले रोज पाळी भरतात, पण साहेब काय म्हणतो ते इंग्रजीतूनच कळते. सीमेवर शत्रू असेल तर त्याची भाषा अधिकच यायला हवी, हे आमचे साधे मास्तरी गणित.

तरी एक दार उघडे राहिले आहे आणि ते सरकारने नव्हे, आयांनी उघडे ठेवले आहे. कोरोनाच्या आधी सुमारे २३ हजार भारतीय मुले चीनमध्ये शिकत होती, बहुतेक डॉक्टरी. त्यांत मराठी मुसलमान घरांतली मुले पुष्कळ. इथे खासगी कॉलेजची फी परवडत नाही म्हणून दागिने मोडून, जमिनीचा तुकडा विकून पाठवलेली. २०२० मध्ये ती सुट्टीला आली आणि अडकली. अडीच वर्षे चिनी व्हिसा मिळेना, शरीररचना आणि शस्त्रक्रिया मोबाइलवर शिकायची वेळ आली. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हिसा सुरू झाले. थेट विमाने मात्र २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा उडाली. तोवर दोन-तीन देशांतून वळसे घालत मुले गेली. त्या काळात त्यांच्या घरच्यांना शेजारीपाजारी विचारत, दुश्मनाच्या देशात पोर कशाला ठेवता?

या मुलांना चीनबद्दल जे माहीत आहे ते आपल्या एकाही वाहिनीला माहीत नाही. हलाल जेवण कुठे मिळते, तर गल्लीतल्या लानचौ शेवयांच्या दुकानात. ती दुकाने बहुधा गान्सू-छिंगहाईकडचे मुसलमान चालवतात, हाताने पीठ ताणून शेवया करतात आणि पाटीवर 'छिंग-झन' अशी दोन अक्षरे असतात. कुठे त्या पाटीवरची अरबी अक्षरे अलीकडे पुसलेली दिसतात, आणि शेवया तितक्याच चांगल्या लागतात. दोन्ही गोष्टी एकाच दुकानात. शिक्षण इंग्रजीत असले तरी वॉर्डात रुग्ण इंग्रजी बोलत नाही, त्यामुळे चिनीची परीक्षा द्यावी लागते. बहुतेक विद्यापीठे चौथी पातळी मागतात. कोटणिसांनी जे युद्धात केले, ते ही पोरे आता पोटासाठी करत आहेत आणि त्यांना कोणी लिहा म्हणत नाही.

आमचा एक माजी विद्यार्थी असाच तिकडे आहे. कोंढव्याचा. त्याची अम्मी भेटली की त्याचे आवाजी निरोप आम्हाला ऐकवते. गेल्या महिन्यातला निरोप असा: वॉर्डात एक आजी होत्या, त्यांनी विचारले, 'यिन्दू?' तो हो म्हणाला, तशा त्या खूश होऊन म्हणाल्या, 'मी-शू!' चिनी लोक आमिर खानला लाडाने मी-शू म्हणतात, म्हणजे आमिरकाका. मग आजींनी विचारले, तुझ्या बहिणी कुस्ती खेळतात का? याला दोन बहिणी, एक डीएड करते आणि एक शिवणाचे काम घेते. त्याला 'नाही' म्हणता आले. का नाही, ते सांगायला शब्द पुरेनात. आजी मात्र हट्टाला पेटल्या होत्या, त्यांना बहिणींचे फोटो पाहायचे होते. त्याने अम्मीला विचारले आहे, कुठला पाठवू?